सबनीसांच्या बाबूचं पथ्य

मुलुंड पूर्वेच्या स्नेहवर्धिनी सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या कुंदाताई सबनीस आयुष्यभर एक गोष्ट अभिमानाने सांगत आल्या होत्या. त्यांच्या हातचं खाऊन कोणाचं पोट बिघडल्याचं ऐकिवात नव्हतं. सासऱ्यांचा अल्सर, नणंदेची बाळंतपणं, यजमानांचं पित्त, सगळं त्यांनी पथ्याचं रांधून मार्गी लावलं होतं. सासरे पुढे गेले, पण ते हृदयाने गेले. पोटाबद्दल त्यांची शेवटपर्यंत तक्रार नव्हती. अशा बाईला उतारवयात एका कुत्र्याने मान खाली घालायला लावावी, याला दैवच म्हणायचं.

कुत्रा तसा त्यांचा नव्हता. मुलगा मिहिर आणि सून रेवती दोन वर्षांसाठी सिंगापूरला गेले आणि जाताना तो आईकडे ठेवून गेले. मिहिरने त्याचं नाव मफिन ठेवलं होतं. कुंदाताईंनी एकदा मॉलमध्ये मफिन खाल्लं होतं आणि ते त्यांना शिळ्या केकसारखं लागलं होतं. शिवाय जिवंत प्राण्याला खाण्याच्या पदार्थाचं नाव देऊ नये, असं त्यांचं मत होतं. उद्या कोणी पोटच्या पोराला शंकरपाळा म्हणेल का? त्या त्याला बाबू म्हणू लागल्या आणि तो पहिल्याच हाकेला उठून आला. आधीचं नाव त्यालाही पटलं नव्हतं, हे उघड झालं.

बाबू तांबूस रंगाचा, लोंबत्या कानांचा आणि गंभीर स्वभावाचा कुत्रा होता. तो भुंकत नसे. कोणी आलं तर उठून उभा राही, बसलं की बसे. सकाळी कुंदाताई पूजेला बसल्या की पाटाच्या डाव्या बाजूला पुढचे पाय जुळवून बसून राही. यजमान, सीतारामराव, असताना तेही तिथेच, पेपर घेऊन, पण उभे असत. कुंदाताईंना त्यातल्या त्यात बाबूच अधिक श्रद्धाळू वाटे.

त्याचं पोट नाजूक आहे, हे महिन्याभरात साऱ्या सोसायटीला कळलं, कारण पहिला प्रसंग लिफ्टमध्ये घडला आणि दुसरा सेक्रेटरींच्या पायपुसण्यावर.

कुंदाताईंना हे सगळंच नवीन होतं. त्यांचं बालपण घाटकोपरच्या पंतनगरात गेलं. तिथे इमारतीखाली एक पिवळी कुत्री असे, सगळ्यांची मिळून. शिळी भाकरी, माशांची डोकी, लग्नातल्या पत्रावळी, आणि एकदा पोस्टमनची एक चप्पल, असं सगळं खाऊन ती सुखाने म्हातारी झाली. तेव्हा पोट बिघडणं हा घरातल्या कमावत्या पुरुषाचा मान असे. बायकांनाही तो क्वचितच मिळे, मग कुत्र्यांची काय कथा!

सेक्रेटरी म्हणजे शेजारचे नंदकिशोर दळवी, पालिकेच्या पाणीखात्यातून निवृत्त झालेले. पायपुसणं स्वतः धुऊन वाळत घातल्यावर ते सल्ला द्यायला आले.

“वहिनी, शंभर टक्के पाणी. लाइन जुनी आहे. मी तर फिल्टरचंसुद्धा उकळून पितो.”

“तोही तेच पितो. उकळून, गाळून, गार करून.”

“मग शंभर टक्के वात. हिंग घालून ताक द्या. मला गुण आला.”

“तुमचं आणि त्याचं दुखणं एकच कसं असेल, भाऊजी?”

“पोट ते पोट,” दळवी म्हणाले.

ताकाचा परिणाम इथे लिहिण्यासारखा नाही. तो दळवींच्या स्कूटरच्या चाकापाशी झाला, एवढं सांगितलं तरी पुरे. त्यानंतर बी विंगमधल्या होमिओपॅथीवाल्या बाईंनी साबुदाण्याएवढ्या गोळ्या दिल्या आणि त्यांना हात न लावता त्या जिभेवर सोडायला सांगितल्या. कुत्र्याच्या जिभेवर हात न लावता काही सोडणं म्हणजे काय असतं, ते सोडून पाहिल्याशिवाय कळायचं नाही. चौथ्या मजल्यावरच्या निसर्गोपचारवाल्यांनी लंघन सुचवलं. कुंदाताईंनी बाबूला एक दिवस उपाशी ठेवलं, सोबत म्हणून स्वतःही राहिल्या, आणि संध्याकाळी शुगर उतरून सोफ्यावर आडव्या झाल्या. दळवी ग्लुकोजचं पाणी घेऊन धावत आले. बाबू उशाशी बसून होता. पोट त्याचं बिघडलेलंच होतं, पण चेहऱ्यावर कुंदाताईंचीच काळजी दिसत होती.

हे सगळं मिहिरच्या कानावर गेलं. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो सिंगापुरातूनही हजर असे.

“आई, हे काय चाललंय? अगं, त्याला त्रास होतोय आणि तुलाही.”

“कोण म्हणालं मला त्रास होतोय?”

“हे बघ, रेवतीची मैत्रीण आहे ना, श्वेता, चारकोपला राहते. तिची स्वतःची दोन कुत्री आहेत. ती ठेवायला तयार आहे. मी गणपतीला येतोय. तोवर सुधारला नाही, तर जाताना त्याला तिच्याकडे सोडतो. तिला त्यातलं सगळं कळतं गं.”

तिला सगळं कळतं! ज्या बाईने अल्सर सांभाळला, तिला हे ऐकायची पाळी आली.

“जाईना का,” कुंदाताई म्हणाल्या. “माझंच काम कमी होईल.”

त्यांनी फोन ठेवला. बाबू समोर येऊन उभा राहिला. “तू लक्ष देऊ नकोस,” त्या त्याला म्हणाल्या. तीन खोल्यांच्या त्या घरात सीतारामराव गेल्यापासून दुपारच्या वेळी घड्याळ फार मोठ्याने वाजायचं. बाबू आल्यापासून ते कमी वाजत होतं. पण ही गोष्ट मिहिरला सांगण्यासारखी नव्हती. घड्याळ बदल, म्हणाला असता.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी रिक्षा केली आणि जनावरांचे डॉक्टर प्रबुद्ध रामटेके यांचा दवाखाना गाठला. डॉक्टर मूळचे नागपूरकडचे, तरुण, शांत आणि मिहिरहून लहान होते. या शेवटच्या मुद्द्यावर कुंदाताई थोड्या खट्टू झाल्या. त्यांच्या मते डॉक्टरला निदान कानाशी तरी पांढरे केस हवेत.

डॉक्टरांनी शौचाचा नमुना तपासून आणायला सांगितला. दवाखान्याची लॅब ठाण्याला होती. कुंदाताईंनी ठाण्याला कशाला जायचं म्हणून घराखालच्या, माणसांच्या, लॅबमध्ये तो दिला. नमुना लोणच्याच्या धुतलेल्या बाटलीत होता आणि काउंटरवरची मुलगी घाईत होती.

“पेशंटचं नाव?”

“बाबू सबनीस.”

“वय?”

“पाच.”

“बाहेरचं खातो का?”

“मिळालं तर खातो.”

“हात धुतो का जेवायच्या आधी?”

कुंदाताई खोटं बोलत नसत. “नाही,” त्या म्हणाल्या. मुलीने त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं की, मिहिरला वाढवून मोठं केल्याचा त्यांचा सगळा अनुभव त्या काउंटरपाशी मातीमोल झाला. जंत नसल्याचा रिपोर्ट आला. खाली छापील सूचना होती की, मुलाची नखं वेळच्या वेळी कापावीत. त्या रात्री त्यांनी बाबूची नखं पाहिली. वाढली होती खरी.

डॉक्टर रामटेकेंनी रिपोर्ट वाचला, वयाचा रकाना वाचला आणि काही न बोलता बाजूला ठेवला. एवढ्यावरून कुंदाताईंचं त्यांच्याबद्दल मत सुधारलं.

“काकू, काहीतरी एक वस्तू याला सोसत नाहीये. ती शोधायची तर सगळं बंद करायचं. महिनाभर फक्त एक मासा आणि एक कंद. उकडलेलं. मीठ नाही, हळद नाही, तेल नाही.”

“हळदसुद्धा नाही?”

“नाही. दूध देता का?”

“ती वाटी केव्हाच बंद केली. त्या ताकाच्या दिवसापासून.”

“बिस्किट? पोळीचा तुकडा?”

“माझ्या ताटाशी तो येत नाही. शिस्त आहे त्याला.”

“छान. पण बघा ना, एक घास जरी दुसरा गेला, तर सगळं पुन्हा पहिल्यापासून.”

“डॉक्टर,” कुंदाताई ताठ बसत म्हणाल्या, “मी गेली चाळीस वर्षं चातुर्मास करते. पथ्य म्हणजे काय, ते मला माहीत आहे.”

कंद म्हणून रताळं ठरलं. माशाचा विचार त्यांनी दोन दिवस केला. सबनीसांच्या घरात मासा ही सहज बोलायची गोष्ट नव्हती. शेवटी मुडदुशी नक्की झाली, कारण आजाऱ्याला, बाळंतिणीला आणि नुकत्याच दुखण्यातून उठलेल्याला देतात तो हलका मासा तोच. बाजारात माहुलची द्रौपदी बसे. तिच्याकडून सबनीस मंडळी वर्षानुवर्षं मासे घेत. सीतारामराव गेल्यावर कुंदाताईंनी मासे सोडले, तेव्हापासून त्या तिकडे फिरकल्या नव्हत्या.

“अगो बाय, आलीस!” द्रौपदी म्हणाली. “कोन आजारी हाय घरान?”

“कुत्रा.”

द्रौपदीचा कोयता हवेत थांबला. “मुरदुशी? कुत्र्याला?”

“नुसती उकडून द्यायची. मीठ न घालता.”

“मीठ बी नाय?” द्रौपदीने शेजारणीकडे पाहिलं. “आयकलंस? मीठ बी नाय!” मग कोयता खाली ठेवून म्हणाली, “बाय, साहेब गेलं नि तुझ्या घराची चवच गेली.”

कुंदाताईंनी पैसे मोजले. मासा घेतला आणि निघाल्या. तिचं खोटंही नव्हतं.

रोज सकाळी घरात मुडदुशी उकडू लागली. हळद-मिठाशिवाय उकडलेल्या माशाला जो वास येतो, त्याला वास म्हणणंही माशाचा अपमान आहे. बाबू मात्र ते आनंदाने खाई. काटे काढायला कुंदाताईंना चष्मा आणि अर्धा तास लागे. दुसरा एक कण त्याच्या तोंडात जाऊ नये म्हणून त्यांनी भाजीची टोपली ओट्यावर चढवली, ओट्यावरचे डबे माळ्यावर चढवले आणि डब्यांसाठी स्टुलावर चढताना स्वतःचा गुडघा दुखावून घेतला.

आणि तरीही बाबूचं पोट बिघडलेलंच राहिलं. चार दिवस बरे जात, पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. दिवसेंदिवस तो वाळत चालला. गणपती दीड महिन्यावर आले. माळ्यावर ठेवलेलं त्याचं मूळचं अंथरूण आणि पट्टा कुंदाताईंच्या रोज नजरेला पडू लागले.

घरात चूक नाही म्हणजे ती बाहेर आहे, हे सरळ होतं. बाबूला कोणीतरी चोरून खायला घालत होतं. एकदा हे मनात आल्यावर त्यांना सगळेच संशयास्पद दिसू लागले. बी विंगमधल्या बाई त्याच्याकडे बघून गोड हसायच्या. चौथ्या मजल्यावरच्यांच्या खिशात शेंगदाणे असायचे. वॉचमन दशरथ तर त्याला दिवसातून चारदा भेटे. त्यांनी बाबूच्या गळ्यात पुठ्ठ्याची पाटी अडकवली: ‘मला काही देऊ नका.’ पाटी वाचायला लोक थांबू लागले आणि थांबल्यावर कौतुकाने खिसे चाचपू लागले. शेवटी त्यांनी सोसायटीकडे लेखी अर्ज केला.

“वहिनी, असं एका कुत्र्याचं नाव घालून पत्रक काढता येत नाही,” दळवी म्हणाले. “तो सभासद नाही.”

“मग सर्वसाधारण काढा.”

दळवींनी पाणीखात्यात तीस वर्षं पत्रकं काढली होती. त्यांनी असं सर्वसाधारण पत्रक काढलं की, सोसायटीच्या आवारात, जिन्यात व लिफ्टमध्ये कोणीही कोणासही कोणताही खाद्य वा पेय पदार्थ देऊ नये. कमिटीने ते एकमताने मंजूर केलं, कारण त्याच सभेत टाकीच्या गळतीचा विषय होता आणि सगळ्यांना त्या विषयापर्यंत लवकर पोहोचायचं होतं.

पत्रक लागलं आणि दशरथचा चहा बंद झाला. हा चहा रोज चार वाजता पहिल्या मजल्यावरून येत असे. नागपंचमीला शेजारच्यांकडून पुरणाची दिंडं जिन्यातून आली नाहीत. कुंदाताईंकडे कोणाची एक वाटी होती. ती रिकामी परत करता येत नव्हती आणि भरून नेता येत नव्हती. ती तशीच फडताळात राहिली. लोक जिन्यात भेटले की घड्याळाकडे बघत उतरून जाऊ लागले. दशरथ तेवढा उठून उभा राहायचा, पण पूर्वीसारखा हसायचा नाही.

“आजी,” एक दिवस तो म्हणाला, “मी तेका कायएक देवक नाय. माझ्या गावाकडे सात कुत्रे आसत. माका कळता.”

“मी तुझं नाव घेतलेलं नाही, दशरथ.”

“नाव घेवक नाय. च्या बंद केलात.”

सोसायटीत सगळ्यात जुन्या असलेल्या, सगळ्यांना वाट्या भरून पाठवणाऱ्या बाईवर असा प्रसंग यावा! पण त्या मागे हटल्या नाहीत. गुन्हेगार सापडेपर्यंत हटता येत नव्हतं. बाबूच्या बरगड्या आता हाताला लागत होत्या.

शेवटी डॉक्टर रामटेके म्हणाले, “काकू, शनिवारी मीच घरी येतो. तो दिवसभर काय करतो, ते बघतो.” कुंदाताईंनी ही संधी साधून दळवींना आणि दशरथलाही बोलावलं. एकदाचा छडा लागू दे, त्यांनी ठरवलं. तिघेही हॉलमध्ये बसले. दशरथ दाराजवळच्या स्टुलावर, डोक्यावरची टोपी मांडीवर घेऊन. बाबू जमिनीवर गलितगात्र पसरला होता.

“दोन मिनिटं बसा हं,” कुंदाताई म्हणाल्या. “तेवढी माझी पूजा राहिलीय. मग बोलू.”

देवघर हॉलच्याच कोपऱ्यात होतं. त्यांनी बाळकृष्णाला फूल वाहिलं, उदबत्ती ओवाळली, नैवेद्याच्या वाटीभोवती पाणी फिरवलं आणि घंटा वाजवली.

बाबू उठला. एरवी दिवसभर न दिसणाऱ्या तरतरीने तो हॉल ओलांडून गेला आणि पाटाच्या डाव्या बाजूला पुढचे पाय जुळवून बसला. कुंदाताईंनी डोळे मिटून नमस्कार केला. मग रोजच्याप्रमाणे, हात आपोआप जातो तसा, त्यांनी चांदीची वाटी उचलली आणि त्याच्यापुढे ठेवली. बाबूने ती शांतपणे चाटून पुसून लख्ख केली.

दळवी पुढे वाकून वाटीकडे बघू लागले.

“काकू,” डॉक्टर हळूच म्हणाले, “हे काय होतं?”

“नैवेद्य.”

“त्यात काय असतं?”

“दूध-साखर. दुसरं काय असणार?”

“रोज?”

“म्हणजे? देवाला काय दिवसाआड भूक लागते?”

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. “मी तुम्हाला विचारलं होतं, दूध देता का.”

“तुम्ही दुधाचं विचारलंत,” कुंदाताई म्हणाल्या. “हा प्रसाद आहे.” आणि हे वाक्य बोलता बोलताच त्यांचा चेहरा उतरत गेला.

दळवींनी घसा खाकरला, पण त्यांच्या तोंडून शंभर टक्के असं काही आलं नाही. दशरथ खाली मान घालून टोपीचं बटण चाचपत राहिला. त्याला हसता आलं असतं. हसण्याचा हक्क त्या सोसायटीत त्या दिवशी त्याच्याइतका कोणाला नव्हता.

“हे होते तेव्हा हेच घ्यायचे,” कुंदाताई कोणाकडेच न बघता म्हणाल्या. “ऑफिसला निघताना, एका पायात बूट घालून. मला साखर वर्ज्य. ते गेल्यावर वाटी तशीच राहायला लागली. प्रसाद टाकता येत नाही. कुंडीत ओतला तर मुंग्या. मग हा आला. पहिल्याच दिवशी घंटा वाजल्यावर येऊन बसला. कोणी शिकवलं नव्हतं हो त्याला.”

डॉक्टर म्हणाले, “तेवढंच बंद करा, काकू. बाकी तुमचं पथ्य पक्कं आहे.”

खाली जाताना दशरथ दारात थांबला. कुंदाताई स्वयंपाकघरात गेल्या, आलं ठेचून चहा केला आणि कप घेऊन त्याच्यामागून जिना उतरल्या, दुखऱ्या गुडघ्याने, रेलिंग धरून. पहिल्या मजल्यावर ते पत्रक लावलेलं होतं. तिथेच उभं राहून त्यांनी कप त्याच्या हातात दिला. वरून दळवी बघत होते. सेक्रेटरी या नात्याने त्यांना हरकत घेता आली असती. ते आत गेले आणि दार लोटून घेतलं.

दुसऱ्या दिवशी घंटा वाजली. बाबू येऊन बसला. कुंदाताईंनी वाटी उचलली नाही. तो वाट बघत राहिला, जराही न कुरकुरता, आपलंच काही चुकलं असावं अशा चेहऱ्याने. त्यांनी उदबत्ती विझेपर्यंत पाहिलं. मग त्या उठून गेल्या आणि दुपारी जेवल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही तेच. देवापुढून कोणाला रिकाम्या तोंडी उठवणं त्यांच्या घराण्यात कधी झालं नव्हतं. आणि दूध दिलं तर हा चारकोपला जाणार होता.

चौथ्या दिवशी पूजेआधी त्या स्वयंपाकघरात उभ्या राहिल्या. गॅसवर बाबूचं रताळं उकडलं होतं, मासा अजून भांड्यात पडायचा होता. त्यांनी रताळ्याचा एक तुकडा काढला, सोलला, कुस्करला आणि चांदीच्या वाटीत भरला. उपासाला चालणारं ते अन्न देवाला चालायला हरकत नव्हती. तरी देवघरापुढे बसल्यावर त्यांनी बाळकृष्णाला स्पष्टच सांगितलं, “दोघांसाठी वेगळं रांधायला माझ्याच्याने होणार नाही. या घरात ज्याचं पोट नाजूक, त्याचं ऐकायचं, अशी पहिल्यापासूनची पद्धत आहे.” मग त्यांनी पाणी फिरवलं आणि घंटा वाजवली.

गणपतीच्या दोन दिवस आधी मिहिर आला. बॅग दारात ठेवून त्याने आधी बाबूच्या पाठीवरून हात फिरवला. बरगड्या बुजत आल्या होत्या, केसांना तकाकी होती. लिफ्ट आठवडाभर निष्कलंक होती.

“आई, काय केलंस काय? श्वेताला मी सांगून ठेवलं होतं.”

“तिला कळव, नको म्हणून. आणि आता बोलू नकोस, पूजा व्हायचीय.”

घंटा वाजली. बाबू त्याच्या जागी गेला. मिहिर बूट काढता काढता, एक पायात आणि एक हातात असा, तिथेच उभा राहिला. आईने वाटी खाली ठेवलेली त्याने पाहिली, तिच्यात काय आहे ते वाकून पाहिलं आणि काहीतरी विचारण्यासाठी तोंड उघडलं. मग ते मिटलं.

सोसायटीने पुढच्या सभेत ते पत्रक मागे घेतलं. फडताळातली वाटी साखरभात भरून परत गेली. द्रौपदी अजून मिठाचं विचारते. आणि सबनीसांच्या बाळकृष्णाला त्या दिवसापासून रोजच एकादशी आहे. त्याच्या पोटाची अजून तरी तक्रार आलेली नाही.